टीममध्ये सगळेच हुशार, तरी काम का अडतं? ऑफिसमधल्या ‘स्ट्रेंथ टेस्ट’चा खरा उपयोग काय?

एप्रिल म्हणजे अनेक ऑफिसांमध्ये अप्रेझलचा महिना. हल्ली त्याच्या आगेमागे एचआरचा आणखी एक मेल येतो, ‘लिंक उघडा आणि तुमच्या स्ट्रेंथ्स जाणून घ्या.’ आपण चहा घेता घेता प्रश्नांवर टिक करतो, रंगीत पीडीएफ येते, तिचा स्क्रीनशॉट लिंक्डइनवर जातो. नव्याचे नऊ दिवस संपले की ती पीडीएफ कुणी पुन्हा उघडत नाही.

मग हा सगळा टाइमपास आहे का? की टीमला याचा खरंच फायदा होतो?

ही कल्पना आली कुठून?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डॉन क्लिफ्टन यांचा मुद्दा साधा होता. माणसात काय चुकतं याचा अभ्यास भरपूर झाला, पण त्याला काय चांगलं जमतं याचा अभ्यास कोण करणार? त्यातून गॅलप कंपनीची प्रसिद्ध टेस्ट तयार झाली. विधानांच्या १७७ जोड्या, प्रत्येक जोडीला २० सेकंद आणि शेवटी ३४ गुणांपैकी तुमचे ठळक गुण कोणते याची यादी.

आपल्याकडे प्रगतिपुस्तकापासून अप्रेझलपर्यंत लाल शाईकडेच आधी लक्ष जातं. त्यामुळे ‘तुला काय जमतं?’ हा प्रश्न अनेकांना पहिल्यांदा ऑफिसमध्येच विचारला जातो.

मग सगळे हुशार एकत्र आणले की झालं?

नाही. ब्रिटनचे संशोधक मेरेडिथ बेल्बिन यांनी हेन्ली इथल्या मॅनेजमेंट कॉलेजमध्ये अनेक वर्षं टीम्सना व्यवसायाचे खेळ खेळायला लावले. त्यात बुद्धीच्या चाचणीत सगळ्यात वर आलेल्यांच्या खास टीम्स बनवल्या आणि त्यांना नाव दिलं ‘अपोलो’. अशा २५ टीम्सपैकी जिंकल्या फक्त ३.

कारण ओळखीचं वाटेल. प्रत्येक जण दुसऱ्याच्या मुद्द्यातली चूक काढत बसला. वाद रंगले, निर्णय लांबले आणि कंटाळवाणं पण गरजेचं काम तसंच पडून राहिलं.

बेल्बिन यांनी १९८१च्या पुस्तकात सांगितलं की टीमला वेगवेगळ्या भूमिका लागतात. कुणी कल्पना काढणारा, कुणी ती तपासणारा, कुणी माणसं सांभाळणारा, तर कुणी शेवटची चूक दुरुस्त केल्याशिवाय न उठणारा. सगळेच कल्पना काढणारे असतील, तर काम पूर्ण करणार कोण?

म्हणजे गुणांची भेळ जमली की टीम तयार?

तेवढंही पुरत नाही. गुगलने २०१२मध्ये ‘प्रोजेक्ट अ‍ॅरिस्टॉटल’ सुरू केला आणि कंपनीतल्या १८० टीम्स तपासल्या. टीममध्ये कोण आहे यापेक्षा ते एकमेकांशी कसे वागतात, हे जास्त महत्त्वाचं निघालं. सगळ्यात वर होती मानसिक सुरक्षितता. म्हणजे ‘मला हे कळलं नाही’ किंवा ‘माझं चुकलं’ असं म्हटल्यावर कुणी आपला पाणउतारा करणार नाही, हा विश्वास.

२०१०मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अ‍ॅनिटा वूली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातही असंच दिसलं होतं. गटातल्या सगळ्यात हुशार माणसावर गटाचं यश फारसं ठरत नव्हतं. जिथे बोलायची संधी सगळ्यांना मिळत होती आणि समोरच्याच्या मनातलं ओळखणारी माणसं होती, ते गट पुढे होते.

स्ट्रेंथ्स माहीत असण्याचा उपयोग इथेच होतो. समजा, टीममधली एक जण मीटिंगमध्ये गप्प असते. ‘हिला इंटरेस्ट नाही’ असा समज पसरतो. पण ती आधी विचार करून मग बोलणारी आहे, हे कळलं तर अजेंडा आदल्या दिवशी पाठवता येतो. माणूस तोच राहतो, फक्त गैरसमज कमी होतो.

धोका कुठे आहे?

गुणाचा शिक्का होतो तिथे. ‘तू डिटेलवाला आहेस, क्लायंटसमोर तू नको’ असं एकदा ठरलं की त्या माणसाला नवीन काही शिकायची संधीच मिळत नाही.

दुसरा धोका महिलांना जास्त भोगावा लागतो. मीटिंगच्या नोट्स, वाढदिवसाचा केक, नवीन इंटर्नला सांभाळणं ही कामं ‘तुला छान जमतात’ म्हणून त्यांच्याकडे येतात. प्रमोशनच्या वेळी मात्र ती मोजली जात नाहीत. लिंडा बॅबकॉक, लिसे वेस्टरलुंड आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये मांडलेल्या प्रयोगांत मिश्र गटांमध्ये अशा कामासाठी महिलाच जास्त वेळा पुढे येत होत्या आणि त्यांनाच जास्त विचारलं जात होतं. पण गट फक्त महिलांचा किंवा फक्त पुरुषांचा केला की हा फरक नाहीसा झाला. म्हणजे प्रश्न उपजत गुणाचा नव्हता, इतरांच्या अपेक्षेचा होता.

भरतीसाठी अशा टेस्ट वापरणंही चुकीचं ठरू शकतं. ‘आयएनएफजे’सारखी चार अक्षरं देणारी प्रसिद्ध मायर्स-ब्रिग्ज टेस्ट बनवणारी कंपनी स्वतःच सांगते की, ती उमेदवार निवडायला वापरू नका.

मग करायचं काय?

पैसे भरून टेस्ट द्यायलाच हवी असं नाही. पुढच्या टीम मीटिंगमध्ये प्रत्येकाने तीन गोष्टी सांगायच्या. कोणतं काम करताना वेळ कसा गेला कळत नाही? कोणत्या कामात मदत लागते? आणि कोणतं काम ‘तुला जमतं’ म्हणून गळ्यात पडलंय, पण नको झालंय?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मॅनेजरसमोर मोकळेपणाने देता आलं आणि त्यानंतर कामाची वाटणी खरंच बदलली, तर टीमला फायदा झाला म्हणायचं. त्या प्रश्नावर सगळेच गप्प बसले, तर अडचण कुठे आहे ते टेस्टशिवायच कळेल.