वायर जिथे बाहेर येते

परवा तात्यांना घेऊन कटिंगला गेलो होतो. तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात, मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले, त्यामुळे सगळं गाव त्यांना मास्तरच म्हणतं. दुकानातला पोरगा नवीन होता. त्याने डोक्यावर पाणी मारलं, कंगवा फिरवला आणि मध्येच थांबून विचारलं, "मास्तर, हे टेंगूळ कशाचं?" तात्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिशातून एक घडी घातलेला कागद काढून त्या पोराच्या हातात दिला. त्या कागदाबद्दल पुढे सांगतोच, पण आधी टेंगळाबद्दल.

तात्यांना पार्किन्सन्स आहे. आधी डावा हात थरथरायला लागला, मग उजवा, मग चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायला लागले. गोळ्यांनी काही वर्षं छान गेली. नंतर गोळीचा असर दोन तासांत उतरू लागला, आणि असर असताना अंग नको तसं वळवळायचं. 2015 साली मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांचं ऑपरेशन झालं. डीप ब्रेन स्टिम्युलेशन म्हणतात त्याला. मेंदूत दोन बाजूंनी दोन बारीक वायरी सोडतात, त्या कातडीखालून कानामागून मानेतून छातीपर्यंत आणतात आणि तिथे पेसमेकरसारखी बॅटरी बसवतात. मुलाचा पुण्याच्या कंपनीतला विमा, तात्यांची पेन्शनची शिल्लक आणि थोडी जमीन, असं सगळं त्यात गेलं. 2013 च्या दुष्काळात मोसंबीची बाग वाळली होती, त्यामुळे जमीन विकताना फार रडारड झाली नाही, असं काकू म्हणते. मला ते तितकंसं खरं वाटत नाही. असो.

मी जन्मभर वीज मंडळात नोकरी केली. वायर हा माझा विषय. आणि आमच्या खात्यात पहिल्या वर्षी हेल्परला कळतं ते असं, की वायर मधे क्वचितच तुटते. ती तुटते जिथे पेटीतून बाहेर येते तिथे. म्हणून तिथे केबल ग्लँड लावायची, म्हणजे ओढ आली तर ती ग्लँडवर येईल, आतल्या जोडावर नाही. घरातली इस्त्री आठवून बघा, किंवा मोबाइलचा चार्जर. आधी कुठे उघडा पडतो? तात्यांना हे मी समजावून सांगायला लागलो तर ते म्हणाले, "मला काय सांगतोस? ठिबकचं पाणी कुठं गळतं? ग्रोमेटपाशीच ना?"

तर डोक्यातली ग्लँड कशी असते ते मी तेव्हा डॉक्टरांना विचारलं होतं. (बाकीचे नातेवाईक ऑपरेशन यशस्वी होईल का विचारत होते, मी हे. डॉक्टर हसले, पण नीट उत्तर दिलं.) कवटीला पुढच्या बाजूला, केसांच्या रेषेच्या थोडं मागे, साधारण 14 मिलिमीटरचं भोक पाडतात. वायर फक्त 1.27 मिलिमीटर जाडीची. तिच्या टोकाला धातूची चार कडी, प्रत्येक दीड मिलिमीटरचं. ती कडी ज्या ठिकाणी पोचवायची ते मेंदूच्या तळाशी असलेलं भिंगाच्या आकाराचं एक केंद्र, कडधान्याच्या दाण्याशी तुलना करावी इतकं लहान. रुग्णाला जागं ठेवून "हात उघडा, मिटा" करत जागा पक्की करतात. तात्यांना भोक पाडण्याचा आवाज अजून आठवतो. बोअरची गाडी अंगणात लागावी तसा, म्हणतात.

आणि मग, सगळी जागा बरोबर सापडल्यावर, खरी जोखमीची वेळ येते. वायर ज्या नळीतून आत घातली ती नळी काढायची असते, वायरीच्या पोटातली ताठ तार काढायची असते, आणि सरळ उभी आलेली वायर कवटीवर आडवी वाकवून कानाकडे न्यायची असते. या उठाठेवीत टोक दोन-तीन मिलिमीटर जरी वर सरकलं तरी करंट भलत्याच जागी जातो. कधी बोबडी वळते, कधी तोंड वाकडं होतं, कधी नुसताच काही फायदा होत नाही. म्हणून आधी वायर भोकापाशी पकडतात, मग बाकीचं काढतात, आणि आधीचा आणि नंतरचा एक्स-रे ताडून बघतात. पूर्वी ही पकड सर्जन आपापल्या युक्तीने करायचे. कोणी हाडाच्या सिमेंटने भोक बुजवायचे, कोणी छोटी टायटॅनियमची पट्टी दोन स्क्रूंनी वायरीवर आवळायचे, कोणी धाग्याने बांधायचे. या शतकाच्या सुरुवातीला खास टोपण आलं: भोकाच्या काठावर स्क्रूंनी बसणारं कडं, त्यात वायर चिमटीत धरणारी क्लिप, बाजूला वायर बाहेर जायला खाच, आणि वरून झाकण. तात्यांच्या डोक्यावर ते टेंगूळ आहे ते हे झाकण. कवटीच्या वर काही मिलिमीटर उंच. त्याच्यावर आहे फक्त कातडी.

मेंदूत काय चालतं यावर बोलणारे खूप आहेत. ग्रनोबलच्या बेनाबिदांनी 1987 साली ही पद्धत सुरू केली, जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशींनी ती आपल्याकडे रुजवली, हे सगळं छापून येतं आणि यायलाही हवं. (तात्यांचं ऑपरेशन जसलोकचं नव्हे.) त्याच दोशींनी 2011 साली दीडशेच्या वर रुग्णांचा हिशेब मांडून वायर, जोड, कातडी यांच्या तक्रारी किती आणि कशा येतात तेही लिहिलं आहे, पण ते वाचणार डॉक्टरच. घरी घेऊन जाणाऱ्या माणसांना सांगितली जाते बॅटरी किती वर्षं चालेल ते. टोपणाबद्दल चकार शब्द नाही.

आता आमचं काय झालं ते.

2018 साली माझे वडील गेले. दहाव्याला घरातल्या पुरुषांनी मुंडण करायचं, धाकट्या भावाने तर करायचंच. नदीकाठी न्हाव्याने तात्यांच्या डोक्याला हात लावला आणि याच पोरासारखं विचारलं. तात्या म्हणाले, "काही नाही, चालव." मी शेजारीच बसलो होतो. माझंही डोकं त्या दिवशी ठिकाणावर नव्हतं. उजव्या टेंगळावर वस्तरा जरासा लागला. रक्ताचा एक ठिपका. तुरटी लावली, संपलं. तेराव्याला पाहुण्यांनी टोप्या घातल्या, टॉवेल दिले. तात्या एरवीही पांढरी टोपी घालतात, तिचा काठ बरोबर त्या टेंगळांवरून जातो. पुढे तीन आठवडे त्या जागी खपली धरत होती आणि टोपीबरोबर निघत होती.

मग जागा लाल झाली, थोडं पाणी यायला लागलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते, चांगले होते, पण त्यांनी असलं काही आधी बघितलेलं नव्हतं. बघून म्हणाले, गळू आहे, फोडून टाकू. ट्रे मागवला. ब्लेड हातात घेतल्यावर मी ओरडलो. अक्षरशः ओरडलो, सगळे दचकले. "डॉक्टरसाहेब, त्याच्याखाली वायर आहे." त्यांनी ब्लेड खाली ठेवलं आणि छातीवर हात लावून बॅटरी चाचपली, तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला. मला त्यांचा राग नाही. त्यांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. आमच्या हातातल्या डिस्चार्जच्या कागदावर सगळं होतं, इंग्रजीत, चार पानं, त्यात वायरीचा सिरियल नंबरसुद्धा होता.

औरंगाबादला (म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला) दाखवलं, तिथून रात्रीच्या देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई. तिथे कळलं की एकदा टोपण उघडं पडलं की जंतू त्या प्लॅस्टिकवर आणि धातूवर थर करून बसतात, आणि त्या थराच्या आत औषध नीट पोचत नाही. जंतू वायरीच्या अंगाने खाली जाऊ शकतात, म्हणजे कुठे, ते सांगायला नको. जखम साफ करून, बाजूची कातडी फिरवून झाकायचा प्रयत्न झाला. सहा आठवडे अँटिबायोटिक्स झाली. टिकलं नाही. उजवी वायर काढावी लागली. डावी वाचली. उजव्या मेंदूतली वायर डावा हात सांभाळते, त्यामुळे तात्यांचा डावा हात पुन्हा थरथरायला लागला. वस्तऱ्यामुळेच झालं का? सर्जन म्हणाले, म्हातारपणी कातडी पातळ होते, टोपीच्या दाबाने ती आधीच झिजत आली असेल. असेलही.

तेव्हा मुंबईच्या वॉर्डात शेजारच्या खाटेवर अपघातात सापडलेला एक तरुण होता. डोक्यातून नळी बाहेर, तिच्यातून मेंदूतलं पाणी पिशवीत उतरत होतं. ती नळीसुद्धा भोकातून सरळ बाहेर काढत नाहीत, कातडीखालून काही सेंटिमीटर बोगदा करून लांब बाहेर काढतात आणि टाके घालून बांधतात. म्हणजे ओढ बसली तर टाक्यांवर बसावी आणि जंतूंना वाट लांब पडावी. हे सगळं असूनही कूस बदलताना त्याची आई ती नळी चिमटीत धरून बसायची. तिला कोणी शिकवलं नव्हतं. माझ्या मते त्या वॉर्डातला सगळ्यात हुशार माणूस तीच.

डॉक्टरांनाही हा प्रश्न जुनाच. आयुब ओमाया नावाच्या पाकिस्तानी न्यूरोसर्जनने 1963 साली त्याला एक सुंदर उत्तर काढलं: नळी बाहेर काढूच नका. भोकावर कातडीखाली रबरी घुमट ठेवा आणि लागेल तेव्हा कातडीतून सुई घाला. आणि डोक्यात पाणी साठलेल्या मुलांना बसवतात ती शंटची नळी, तीसुद्धा कवटीबाहेर वळते तिथे टाक्याने बांधून ठेवावी लागते, नाहीतर सरकते. त्या शंटची पहिली भरवशाची झडप 1956 साली जॉन होल्टरने केली. हा कुलपांच्या कंपनीतला यंत्रकारागीर, स्वतःच्या मुलासाठी धडपडत होता. आपल्याकडे लखनौच्या डॉ. छाब्रांच्या नावाचा शंट उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला बनतो, परदेशी शंटच्या कितीतरी पट स्वस्त. युगांडात 195 मुलांवर त्याची महागड्या शंटशी तुलना केली (2005 साली ते छापून आलं), तर वर्षभराने फरक दिसला नाही. म्हणून माझं म्हणणं महागडं टोपण हवं असं नाहीच. पट्टी आणि दोन स्क्रूसुद्धा चांगल्या हाताने बसवले तर धरतात.

माझं म्हणणं एवढंच की ऑपरेशनच्या आधी रुग्णाला विचारा, तू डोक्यावर काय घालतोस? काय उचलतोस? आमच्याकडे पुरुष टोपी-फेटा घालतात, बायका हंडा, पाटी, गवताचा भारा डोक्यावर घेतात. वयाप्रमाणे सगळे मुंडणाला बसतात. चष्म्याची काडी बरोबर त्या कानामागच्या जोडावर टेकते. हे विचारलं तर कदाचित सर्जन हाडात खाच करून टोपण खोल बसवेल, किंवा चिरा टोपणाच्या डोक्यावरून न घेता बाजूने घेईल. ते करता येतं, करतात. पण जालन्याच्या माणसाचं डोकं मुंबईच्या डॉक्टरला कसं कळणार, आपण सांगितल्याशिवाय? आणि आपण तरी कसं सांगणार, विचारल्याशिवाय? पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे लोक असल्या बारीकसारीक गोष्टी एकमेकांना सांगतात. गावात राहणाऱ्या माणसाचं मित्रमंडळ म्हणजे न्हावी, कंपाउंडर आणि पुतण्या.

म्हणून मी तो कागद केला. मराठीत, मोठ्या अक्षरात, दहाच ओळी. या माणसाच्या डोक्यात आणि छातीत यंत्र आहे. डोक्यावरचं टेंगूळ म्हणजे टोपण आहे, गळू नाही. त्यावर वस्तरा, ब्लेड, सुई लावू नये. खांदा-मान दुखली तर मशीनचा शेक, म्हणजे डायथर्मी, अजिबात देऊ नये (याने वायरीचं टोक तापून मेंदूला इजा होऊ शकते; आमच्याकडे खांदा धरला की लोक आधी शेक घ्यायलाच जातात). जागा लाल झाली, ओली झाली, तर त्याच दिवशी या नंबरवर फोन. त्याच्या झेरॉक्स काढून एक तात्यांच्या खिशात, एक काकूकडे, एक दवाखान्यात आणि एक कटिंगच्या दुकानात ठेवली होती. दुकानातली कुठे गेली ते त्या नव्या पोराला ठाऊक नव्हतं, म्हणून परवा पुन्हा एक दिली. त्याने ती आरशाच्या कडेला खोचली आणि मशीन बाजूला ठेवून नुसत्या कात्रीने केस कापले.

पहिल्यांदा तो कागद लिहिला तेव्हा तात्यांना वाचायला दिला होता. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन मागितलं, आणि उजव्या हाताने ऱ्हस्व-दीर्घाच्या तीन चुका दुरुस्त करून परत दिला.