खरवस नंतर, आधी कालवड

कुठल्याही गोठ्यावर गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, जास्त दुधाची गाय कुठं मिळेल?" माझं उत्तरही ठरलेलं. तुमच्याच गोठ्यात, कोपऱ्यात बांधलीय. फक्त तिच्याकडं कुणाचं लक्ष नाही.

गाय व्याली की काय होतं बघा. वार पडल्याशिवाय चीक काढायचा नाही, हा समज अजून पक्का आहे. वार पडायला सहा-आठ तास लागू शकतात. तोवर वासरू उपाशी. मग चीक काढला की आधी खरवसाचं पातेलं, शेजारीपाजारी, आणि उरला तर वासराला. नुकसान इथंच सुरू होतं.

आईच्या पोटात असताना वासराला तिच्याकडून रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती चिकातूनच मिळते. वासराच्या आतड्यातून ती रक्तात जाण्याची वाटही तासातासाला अरुंद होते आणि 24 तासांत जवळजवळ बंद होते. म्हणून 30 किलोच्या वासराला पहिल्या दिवशी 3 लिटर चीक हवाच, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. वार पडो न पडो. वासराचं पोट भरल्यावर खुशाल खरवस करा.

कालवड नुसती जगली म्हणजे झालं, असंही नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2012 साली आपल्या कळपाच्या नोंदी मांडल्या. दूध तोडण्याआधी कालवडीची रोजची वाढ 100 ग्रॅमने जास्त असेल, तर पहिल्या वेतात साधारण 85 किलो दूध जास्त. तिथल्या गायी वेगळ्या, चारा वेगळा. आकडा आपल्याकडं तसाच येणार नाही, पण दिशा तीच.

तुम्ही म्हणाल, "सर, दोन गाईंचं दूध, दहा दिवसांच्या बिलावर घर चालतं. वासराला काय पाजू?" प्रश्न खरा आहे. हिशोब करू. समजा रोज 3 लिटर, 60 दिवस, 35 रुपये दर. झाले 6,300 रुपये. आता दुसरी बाजू. खुरटलेली कालवड 26 ऐवजी 36 महिन्यांनी व्याली, तर 10 महिने फुकट सांभाळायची. रोजचा खर्च 80 रुपये धरला तरी 24,000 गेले. वर दूध कमी ते वेगळंच.

शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय 1988 पासून आहे. ज्ञान दारात आहे. आपण तिथं जातो कधी? जनावर आडवं पडल्यावर! त्याऐवजी गाय गाभण असतानाच जा. नाळेला आयोडीन कसं लावायचं, जंताचं औषध कधी द्यायचं, ब्रुसेलोसिसची लस चौथ्या ते आठव्या महिन्यात कशी टोचून घ्यायची, हे विचारून या.

विकत आणलेल्या गाईचा इतिहास दलाल सांगतो. घरच्या कालवडीचा इतिहास तुम्ही स्वतः लिहिता, आणि त्याची सुरुवात पहिल्या दोन तासांतच होते.