उष्णता गेली कुठे?



गेल्या उन्हाळ्यात मी नंदुरबार तालुक्यातील रनाळे येथे बहिणीकडे गेलो होतो. बाहेर ऊन असे, की दुपारी अंगणात अनवाणी पाय टेकवत नव्हता. आणि घरात मात्र तक्रार चालली होती ती एक वस्तू तापत नाही म्हणून! ती वस्तू म्हणजे मायक्रोवेव्ह ओव्हन. बहिणीच्या सासूबाईंनी अहिराणीत निकाल देऊन टाकला होता, “हाई पेटी बिघडी गई.” मेकॅनिक येऊन गेला होता. आतला मॅग्नेट्रॉन बदलावा लागेल, असे त्याचे मत पडले. आणि नववीतली भाची स्क्रू-ड्रायव्हर घेऊन माझी वाट पाहत बसली होती. “मामा, आपण उघडून बघू या ना!”

मी स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला. ती रुसली. भौतिकीचा प्राध्यापकच असे करतो म्हटल्यावर रुसणारच! परंतु माझे मत याबाबत पक्के आहे. यंत्र उघडणे म्हणजे विज्ञान, ही समजूत चुकीची आहे. आणि या यंत्राच्या बाबतीत ती जीवघेणी आहे. त्यात एक ट्रान्सफॉर्मर घरातल्या विजेचा दाब सुमारे दोन हजार व्होल्टपर्यंत चढवतो. मग धारित्र आणि डायोड मिळून तो आणखी वाढवतात, तेव्हा कुठे मॅग्नेट्रॉन चालतो. प्लग काढून ठेवला तरी ते धारित्र भारित राहू शकते. दिवा विझला म्हणजे धोका गेला, हा हिशेब येथे लागू पडत नाही. पाठीमागचे स्क्रू हा तुमचा प्रांत नव्हे.

मग तुमचा प्रांत कोणता? मोजणे.

भाचीला मी विचारले, “तापत नाही म्हणजे नेमके काय होते?” उत्तर आले, “खिचडी कोमट होते, भाकरी तर तशीच राहते.” भाकरीचे सोडून द्या. या पेटीतल्या लहरी दर सेकंदाला २४५ कोटी आंदोलने करतात आणि मुख्यतः पाण्याच्या रेणूंना घुसळतात. शिळ्या, वाळलेल्या भाकरीत पाणीच थोडे. ती काय तापणार? खिचडीचे मात्र लक्षात घेण्याजोगे होते. चालू केल्यावर घुमण्याचा आवाज येत होता, थाळी फिरत होती, पॉवरचे बटण शेवटच्या खुणेवर होते.

आम्ही काचेच्या भांड्यात माठातले एक लिटर पाणी घेतले. तापमान २४ अंश सेल्सियस. बरोबर एक मिनिट पेटी चालवली, पाणी बाहेर काढून लाकडी चमच्याने ढवळले आणि पुन्हा तापमापी बुडवली (तापमापी आत ठेवून पेटी चालवू नये). ३० अंश. आता तुमच्याच पुस्तकातली विशिष्ट उष्णता घ्या. एक किलोग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४,१८० जूल लागतात. त्याला ६० सेकंदांनी भागले की जवळजवळ ७० वॅट येतात. म्हणजे एक लिटर पाणी मिनिटात जितके अंश चढेल, त्याला ७० ने गुणा; यंत्राची शक्ती मिळाली. सहा साते बेचाळीस, ४२० वॅट. पेटीमागच्या पत्र्यावर लिहिले होते ७०० वॅट.

विशिष्ट उष्णतेची व्याख्या भाचीला तोंडपाठ होती, तिला गुणही मिळाले होते. पण ती व्याख्या स्वयंपाकघरात चालते, हे तिला त्या दिवशी प्रथम कळले. यात दोष तिचा नाही, आम्हा शिकवणाऱ्यांचा आहे.

मॅग्नेट्रॉन जुना होऊन दुबळा होतो, हे खरे. मेकॅनिकची शंका अगदीच निराधार नव्हती. दिवसात दहा गावे करणाऱ्याला पाणी मोजायला सवड कुठली? पण त्याआधी विचारायला हवे, की त्या बिचाऱ्याला खायला पुरेसे मिळते का? फ्रिजच्या स्टॅबिलायझरवर आकडा होता २१२ व्होल्ट. पेटी चालू केली, तो २०८ झाला. मग ज्या एक्स्टेन्शन बोर्डाला पेटी जोडली होती, त्याच्या शेजारच्या छिद्रात मी स्वतः मल्टिमीटर लावला. (हे काम मोठ्यांचे.) पेटी बंद असताना २१२, चालू करताच १८८!

आता पाहा. एकाच घरात, एकाच क्षणी, फ्रिजपाशी २०८ आणि पेटीपाशी १८८. चार व्होल्टची घट गावाच्या तारेत नि मीटरपर्यंतच्या जोडणीत. पण वीस व्होल्ट घरातल्या घरातच कुठेतरी गळत होते. पेटी सुमारे ५ अँपिअर प्रवाह घेत होती. वीस गुणिले पाच, शंभर वॅट. इतकी उष्णता कुठे जात होती?

मेन स्विच बंद करून भाचीने भिंतीतल्या प्लगला हात लावला आणि झटकन मागे घेतला. स्वयंपाकघरात पॉवर प्लग नव्हता. म्हणून जाड पिनांवर कन्व्हर्टर चढवून, बारीक वायरीचा बोर्ड माजघरातल्या पाच अँपिअरच्या सॉकेटमधून ओढलेला. सॉकेटमधली पकड सैल, प्लास्टिक पिवळे पडून एका कडेला वितळलेले. पेटी तापत नव्हती, कारण भिंत तापत होती! नवा मॅग्नेट्रॉन बसवला असता तरी तो उपाशीच राहिला असता. आणि एखाद्या रात्री पडद्याने पेट घेतला असता.

वायरमनने मेन बोर्डापासून जाड वायर ओढून अर्थिंगसह १५ अँपिअरचा प्लग बसवला. पुन्हा माठातले पाणी, पुन्हा एक मिनिट. या वेळी ८ अंश चढले, म्हणजे ५६० वॅट. सासूबाईंची खिचडी वाफाळली आणि त्यांच्या लेखी प्रश्न मिटला.

भाचीच्या लेखी नाही. “सातशेला दहा अंश हवेत. दोन कुठे गेले?” थोडी उष्णता भांड्याने घेतली, हे मी सांगितले. पण मुख्य गोष्ट तिनेच शोधली. नव्या प्लगवर २०७ व्होल्ट होते आणि पेटीवर लिहिले आहे २३०. उरलेली घट रोहित्रापासून येणाऱ्या तारेतली असावी. तिने वहीत रकाने आखले आहेत. सकाळ, संध्याकाळ आणि रात्री स्टॅबिलायझरवरचा आकडा ती लिहून ठेवते. महिनाभराची वही घेऊन वडिलांबरोबर वीज कार्यालयात जायचे, असे ठरले आहे.