रविवारचा रस्सा आणि ब्लॅकबर्नचा क्लब

मैत्रिणींनो, आमच्या परभणीत बायकांच्या बैठकीत फुटबॉलचा विषय काढला तर शेजारणी हसतील. पण परवा रविवारी येसर घालून कोंबडीचा रस्सा करत होते, तर चिरंजीव ओट्याशी येऊन म्हणाले, "आई, पुण्याची ती वेंकीज कोंबडीवाली कंपनी आहे ना, तिच्या मालकांचा इंग्लंडात फुटबॉलचा क्लब आहे." मी म्हटलं, "काहीतरीच काय!" पण खरंच आहे हो. आणि गोष्ट अशी निघाली की रस्सा खाली लागता लागता वाचला.

क्लबाचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स. ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधलं गिरण्यांचं गाव. तिथले माग एके काळी आपल्याकडच्या पुरुषांची धोतरं विणत. पुढे आपण विलायती कापडावर बहिष्कार घातला, त्याची झळ याच भागाला लागली; १९३१ साली गांधीजी शेजारच्या डार्वेनला जाऊन तिथल्या कामगारांना भेटले होते. अशा गावात १८७५ साली हा क्लब निघाला. १८८८ मध्ये इंग्लंडची लीग सुरू झाली, तेव्हाच्या बारा क्लबांतला हा एक. एफ. ए. कप सहा वेळा जिंकला, शेवटचा १९२८ साली. सदरा अर्धा निळा, अर्धा पांढरा.

तिकडची रीत शाळेसारखी आहे. ऑगस्ट ते मे असा हंगाम. दुसऱ्या श्रेणीत चोवीस क्लब, प्रत्येकाचे सेहेचाळीस सामने. वरचे दोघे सरळ वरच्या वर्गात, तिसरा आणखी झुंजून जातो. तळाचे तिघे खाली. मोठं घराणं म्हणून कुणाला सूट नाही!

१९९१ साली गावच्याच जॅक वॉकर नावाच्या पोलादाच्या व्यापाऱ्याने क्लब हाती घेतला आणि मनापासून पैसा ओतला. १९९५ साली क्लब इंग्लंडचा विजेता झाला. गंमत म्हणजे शेवटचा सामना ते हरले होते! पण तिकडे मँचेस्टर युनायटेडचा सामना बरोबरीत सुटला आणि एका गुणाने हे पुढे राहिले. २००० साली वॉकर वारले.

मग नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने हा क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला. या उद्योगसमूहाच्या अध्यक्ष एक बाईच, अनुराधा देसाई. संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांची ही लेक. ऐकून मला अभिमानच वाटला, खोटं कशाला सांगू? खेळाडू कपडे बदलायच्या खोलीत बसून तंगड्या खाताहेत, अशी जाहिरातसुद्धा निघाली म्हणे.

पण दीड वर्षात, मे २०१२ मध्ये, क्लब पहिल्या श्रेणीतून खाली आला. त्या दिवशी चिडलेल्या कुणीतरी निळा-पांढरा झेंडा गुंडाळून एक जिवंत कोंबडी मैदानात सोडली. बिचारी कोंबडी! तिचा काय दोष? २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, थेट तिसऱ्या श्रेणीत. एका वर्षात पुन्हा दुसरीत. २०२३ आणि २०२५ साली सातवा नंबर, म्हणजे वरच्या झुंजीचं दार एका नंबराने हुकलं.

आता दोन्ही बाजू बघायला हव्यात. मालकांनी पैसा दिला नाही असं कुणी म्हणू शकत नाही. वर्षानुवर्षे तूट तेच भरत आले. मध्यंतरी पैसे पाठवायला त्यांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागत होती. तिथल्या लोकांचं गाऱ्हाणं वेगळंच आहे: मालक मैदानाकडे फिरकत नाहीत, आमच्याशी बोलत नाहीत. घर नुसत्या मनिऑर्डरीवर चालत नाही, हे तुम्हाआम्हाला कुणी सांगायला नको.

मला खरं लागलं ते पुढचं. या क्लबाचा मुलींचाही संघ आहे. कीरा वॉल्श, जॉर्जिया स्टॅनवे, एला टून या तिघी कोवळ्या वयात तिथंच खेळल्या. २०२५ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या मुलींनी युरोपचं अजिंक्यपद दुसऱ्यांदा जिंकलं, त्या संघात या तिघी होत्या. आणि त्याच उन्हाळ्यात ब्लॅकबर्नने दुसऱ्या श्रेणीतून आपला मुलींचा संघ मागे घेतला. तिथं खेळायला जी सोय आणि जो खर्च करावा लागतो, तो परवडेना म्हणून. हात आखडायची वेळ आली की आधी लेकीच्या ताटातलं कमी होतं, ही रीत आपल्याकडचीच असं मी समजत होते! अध्यक्षपदी बाई असताना हे व्हावं, याचं वाईट वाटलं.

चिरंजीव आता शनिवारी संध्याकाळी साडेसातला, आणि थंडीत तिकडचं घड्याळ बदललं की साडेआठला, मोबाइल घेऊन बसतात. नेमकी भाकरीची वेळ. मी तवा ठेवते आणि स्वयंपाकघरातून विचारते, "काय रे, कितीला किती?" आणि पाठोपाठ, "मुलींचा सामना कधी आहे ते बघ जरा."