अमली पदार्थांचा कायदा आणि आपले घर

माळव्यात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना अफू ही परकी वस्तू नव्हे. नीमच-मंदसौरकडे हिवाळ्याच्या अखेरीस फुललेली पांढरी शेते आपण सर्वांनीच पाहिलेली आहेत. नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे आणि या पिकाचे परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचे मुख्य कार्यालय ग्वाल्हेरीस आहे. महाशिवरात्रीला भांगेची थंडाई घेणारेही आपल्याच आप्तेष्टांत आढळतात. इतक्या जुन्या सहवासामुळे या बाबतीतला कायदाही सैलच असावा, असा एक समज घरोघरी दिसतो. मुले शिक्षणासाठी दूरच्या शहरांत राहू लागली असताना हा समज बाळगणे धोक्याचे आहे. म्हणून या वेळी या कायद्याची ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

पूर्वी अफूसाठी १८५७ आणि १८७८ सालचे कायदे होते, त्यांत १९३० सालच्या कायद्याची भर पडली, आणि गांजाची विक्री प्रांतोप्रांतीच्या आबकारी नियमांनी चाले. १४ नोव्हेंबर १९८५ पासून या सर्वांच्या जागी संपूर्ण देशासाठी एकच कायदा आला. ‘गुंगीकारक औषधिद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम’ असे त्याचे लांबलचक नाव असून, वर्तमानपत्रांतून तो ‘एनडीपीएस’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. या कायद्याने गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, अशी व्याख्या केली. शेंड्यांवाचून असलेली नुसती पाने व बिया वगळल्या. त्यामुळे पानांची भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली. मध्यप्रदेशात तिची परवानाधारक दुकाने आहेत. महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार ती परवान्यावाचून जवळ बाळगणे हा गुन्हा ठरतो. उज्जैनहून नागपूरच्या पाहुण्यांसाठी भांगेची गोळी नेणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे.

या कायद्यात शिक्षेचे मोजमाप मुख्यतः तराजूवर होते. २००१ साली दुरुस्ती होऊन प्रत्येक पदार्थासाठी ‘अल्प’ आणि ‘व्यापारी’ अशा दोन मात्रा ठरविण्यात आल्या. गांजाची अल्प मात्रा १ किलोपर्यंत, तर व्यापारी मात्रा २० किलोंपासून पुढे धरली जाते. चरसासाठी हेच आकडे १०० ग्रॅम व १ किलो, अफूसाठी २५ ग्रॅम व अडीच किलो, आणि हेरॉइनसाठी अवघे ५ ग्रॅम व २५० ग्रॅम असे आहेत. अल्प मात्रा जवळ सापडल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. मधल्या मात्रेला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाखापर्यंत दंड आहे. व्यापारी मात्रेला मात्र किमान दहा व कमाल वीस वर्षे सक्तमजुरी आणि एक ते दोन लाखांचा दंड आहे. तेथे दहा वर्षांहून कमी शिक्षा देण्याची मोकळीक न्यायाधीशांनाही नाही.

वजन कशाचे करावयाचे, हाही प्रश्न होताच. पुडीत शुद्ध पदार्थ थोडा आणि भेसळीची भुकटी अधिक असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली हीरा सिंह खटल्यात असा निर्णय दिला की, भेसळीसह संपूर्ण मिश्रणाचे वजन धरावयाचे. म्हणजे दोन ग्रॅम हेरॉइनमध्ये चार ग्रॅम अन्य भुकटी मिसळलेली असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ते सहा ग्रॅम होतात आणि प्रकरण अल्प मात्रेच्या बाहेर जाते. गच्चीवरच्या कुंडीत हौसेने गांजाचे रोप लावणाऱ्यालाही वजनाचा आधार मिळत नाही. लागवड हा स्वतंत्र गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे.

याहून महत्त्वाची गोष्ट ताब्याची. सर्वसाधारण फौजदारी खटल्यात आरोपीचा हेतू सरकारपक्षाने सिद्ध करावयाचा असतो. येथे वस्तू आरोपीच्या ताब्यात होती एवढे सिद्ध झाले की ती त्याने जाणूनबुजून बाळगली असे न्यायालय गृहीत धरते, आणि ‘मला ठाऊक नव्हते’ हे दाखविण्याचा भार आरोपीवर येतो. त्यातही ताबा आधी सरकारपक्षानेच सिद्ध केला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली नूर आगा खटल्यात स्पष्ट केले आहे. तरीही मित्राने ‘एवढे पोहोचव’ म्हणून दिलेले बंद पार्सल हाती घेण्यापूर्वी आपल्या मुलामुलींनी दहादा विचार करावा. व्यापारी मात्रेच्या प्रकरणात आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायालयाची खात्री पटल्याखेरीज जामीन मिळत नाही. आणि आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते. निर्दोष सुटणाऱ्याचेही शिक्षणाचे वर्ष त्यात जाऊ शकते. ज्यांनी आपल्या खोल्या भाड्याने दिल्या आहेत, त्यांनीही सावध असावे. आपल्या जागेत असा व्यवहार जाणूनबुजून चालू देणाऱ्या मालकाला मूळ गुन्ह्याचीच शिक्षा आहे.

आरोपीला काही संरक्षणेही आहेत. अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती मागण्याचा आपल्याला हक्क आहे, हे त्याला सांगितले गेले पाहिजे. स्त्रीची झडती स्त्रीनेच घ्यावयाची असते. या कायद्याखालील तपास अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून वापरता येत नाही, असे २०२० सालच्या तोफान सिंह खटल्यात ठरले आहे.

आता ज्या कलमासाठी आम्ही मुख्यतः हा विषय घेतला, त्याकडे वळू. या कायद्याचे ६४-अ हे कलम फारच थोड्या आईवडिलांना ठाऊक असते. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेने सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या, अथवा त्यांनी मान्यता दिलेल्या, रुग्णालयात वा संस्थेत उपचार घेऊ लागला, तर त्या आरोपावरून त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार मात्र पुरे करावे लागतात. अर्धवट सोडल्यास हे संरक्षण काढून घेतले जाऊ शकते. शिवाय ३९ व्या कलमान्वये, अशाच गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनी माणसालाही शिक्षेऐवजी, त्याच्या संमतीने, उपचारासाठी सोडण्याचा अधिकार न्यायालयाला आहे.

म्हणजे ज्या कायद्याला आपण भितो, त्यानेच आजारी माणसासाठी एक दार उघडे ठेविले आहे. परंतु आपल्या समाजात घडते ते निराळेच. मुलाच्या खिशात पुडी सापडली की प्रथम विचार येतो तो चार लोक काय म्हणतील याचा. मग गोष्ट दडविली जाते, पैसे तोडले जातात, किंवा लग्न करून दिले की सुधारेल अशी वेडी आशा धरली जाते. या दडवादडवीत महिने जातात, व्यसन वाढते. पैसे तोडलेला मुलगा आपला खर्च भागविण्यासाठी दुसऱ्यांना माल पोचवू लागतो, आणि अल्प मात्रेची मर्यादा केव्हा ओलांडली गेली हे घराला कळतही नाही. त्यानंतर ६४-अ कलमाचे दार बंद झालेले असते.

पुण्याचे ‘मुक्तांगण’ डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली, हा कायदा आल्याच्या पुढच्याच वर्षी सुरू केले. व्यसन हा आजार आहे, ही दृष्टी तेथून अनेक मराठी घरांत पोचली. आज केंद्र सरकारची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा जवळच्या उपचार केंद्राची माहिती देते. अशी शंका आली तर घरातील वडीलधाऱ्यांनी प्रथम डॉक्टर गाठावा, उपचाराचे कागद जपून ठेवावेत आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले असल्यास जाणत्या वकिलाचा सल्ला विनाविलंब घ्यावा. नातलगांना काय सांगावयाचे, हा विचार त्यानंतर करता येतो.