बहिष्काराने कोणाचं अडतं?

खेड्यातला माणूस एकतर मत विकतो नाहीतर घरी बसतो, असं कल्याण-ठाण्याकडची शिकलेली मंडळी छातीठोकपणे सांगतात. 20 मे 2024 च्या लोकसभा मतदानाचे आकडे मात्र उलटं बोलतात. शहापूर-मुरबाड ज्यात येतात त्या भिवंडी मतदारसंघात सुमारे 60 टक्के मतदान झालं, शेजारच्या कल्याणात जेमतेम 50. भिवंडीतही शहापूर आणि भिवंडी ग्रामीणने आकडा वर ओढला. त्याच मतदारसंघातलं कल्याण पश्चिम मागेच राहिलं.

मतविक्रीचंही तसंच. आदल्या रात्री पाड्यावर नोटा फिरत नाहीत असं कोण म्हणेल? पण सोसायटीच्या आवारात निवडणुकीच्या तोंडावर बसणारे पेव्हर ब्लॉक मात्र 'विकासकाम' ठरतात. आणि अडाणीपणाचा शिक्का मारणाऱ्यांनी मुरबाडमधलं फांगणे आठवावं. तिथे 2016 च्या महिला दिनी आजीबाईंची शाळा भरली, ती अंगठ्याची सवय मोडून सही शिकायला.

जे मतदान होत नाही, त्याचं कारण पुष्कळदा भलतंच असतं. कातकरी, ठाकर कुटुंबं दिवाळीनंतर बयाणा घेऊन वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. 2014 ला इथलं मतदान 24 एप्रिलला झालं, 2019 ला 29 एप्रिलला, म्हणजे भट्टीच्या ऐन हंगामात. कायद्याने मतदानाची सुटी भरपगारी आहे. पण हजार विटांमागे मजुरी घेणाऱ्याचा 'पगार' कोणता धरायचा? त्यात सगळ्या घराचं एसटी भाडं वेगळं. याला उदासीनता म्हणणं शुद्ध अन्याय आहे.

उरतो तो बहिष्कार. त्यामागचा राग सोळा आणे खरा आहे. तानसा-भातसाचं पाणी मुंबईच्या नळाला जातं आणि शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत हंड्यांची रांग लावतात. 'रस्ता नाही तर मत नाही' असा फलक वेशीवर लागला की साहेब लोक धावत येतात, आश्वासन देतात. तेवढ्यापुरता फलक कामाला येतो. पण मतदानाच्या दिवशीही घरीच बसलं, तर उमेदवाराचं काय बिघडतं? माळशेज घाटाखालचं वैशाखरे गाव ज्या मुरबाड विधानसभा मतदारसंघात आहे, त्यातच बदलापूर शहरही आहे. माळशेजच्या पायथ्याची दोन-चार गावं गप्प राहिली, तर तो बदलापूरच्या चार इमारती जास्त फिरेल, एवढंच. लोकसभा-विधानसभेला 'नोटा'चं बटणही निकालाला धक्का लावत नाही. त्याला कितीही मतं पडोत, उमेदवारांत पहिला आलेला निवडून येतोच.

'एका मताने काय होतंय' हे तर सपशेल खोटं. 2024 लाच मुंबई वायव्यचा खासदार 48 मतांनी ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शहापूरची विधानसभेची जागा 1,672 मतांनी गेली; दोन-तीन केंद्रांवरचं मतदान म्हणा ना. एवढ्या फरकाने पडलेला माणूस पुढच्या वेळी टँकरच्या गावाला विसरत नाही, निवडून आलेलाही नाही.

तेव्हा बहिष्काराचा ठराव करणाऱ्या ग्रामसभेने दुसराच ठराव घ्यावा. बयाणा देतानाच भट्टीमालकाने मतदानाच्या दिवसाची मजुरी आणि जाण्या-येण्याचं भाडं कबूल करावं. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराच्या हातात त्या ठरावाची प्रत ठेवावी आणि सगळ्यांसमक्ष त्यावर सही मागावी.