हिरडा लावा म्हणता, तोडू देता का?

डोंगरातल्या औषधी वनस्पती संपत चालल्या, तेव्हा शेतकऱ्यांनी आता त्यांची लागवड करावी, असा उपदेश कोरडवाहू शेतकऱ्याला अधूनमधून ऐकवला जातो. ऐकवणाऱ्याचे काय जाते? सफेद मुसळीच्या वेळी बेणे सोन्याच्या भावाने गळ्यात मारले, माल परत घ्यायची हमी दिली, आणि काढणीला कित्येकांचे हमीवाले सापडले नाहीत.

म्हणून आधी हिरड्याचे काय झाले ते पाहा. चाकण ज्या खेड तालुक्यात, त्याच तालुक्याच्या पश्चिमेला भीमाशंकरचा डोंगर. तिथले आणि आंबेगाव-जुन्नरच्या डोंगरातले महादेव कोळी बांधव हिरड्यावर वर्षाची मीठमिरची चालवतात. आठळी धरायच्या आत फळ उतरवून वाळवले की तो बाळहिरडा. औषधात त्याला मान. पिकलेला जातो त्रिफळ्यात आणि कातडे कमावायला. आपल्या कापसाच्या कापडावर रंग पक्का बसावा म्हणून रंगारीसुद्धा ते आधी हिरड्याच्या पाण्यात बुडवीत. म्हणजे गिऱ्हाईक नाही असे नाही.

मग लागवड का होत नाही? रोप लावल्यावर फळ दिसायला वर्षे जातात. तेवढा धीर मालकच धरतो, आणि इथे मालकी नावाचीच. 1964 च्या झाडतोड कायद्याच्या यादीत हिरडा आहे. आपल्या बांधावर, आपण लावलेले झाड म्हातारे झाले, ते काढून नवे लावायचे, तरी साहेबाकडे अर्ज! विक्रीचे तेच. 1976 च्या कायद्याने आदिवासी भागात महामंडळाची एकाधिकार खरेदी आणली. एकाधिकार काय असतो हे कपाशीवाल्याला सांगायला नको. 1972 पासून आपण तो भोगला. आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळाने हिरडा झोडपला, तेव्हा भरपाईसाठी या लोकांना मोर्चे काढावे लागले.

कोणी म्हणेल, मोकळीक दिली तर जंगल साफ होईल. नरक्याचे झाड पाहा. त्यातून कॅम्प्टोथेसिन निघते, त्यापासून कर्करोगाची औषधे होतात. 1996 साली अमेरिकेत या औषधांना परवानगी मिळाली, मागणी वाढली आणि सह्याद्रीतला नरक्या मुळासकट उपटून गेला. ते जंगल कुणाच्या ताब्यात होते? शेतकऱ्याच्या नव्हे, सरकारच्या. उपटणाऱ्याला रोजंदारी मिळाली. झाड त्याचे नव्हते, मग खोड राखून फांद्या घ्याव्यात असे त्याला का वाटावे?

चाकणला कारखान्यांसाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन रस्ते, पाणी, वीज पोचली. गाडीची किंमत कारखानदार ठरवतो. जुने यंत्र भंगारात काढायला तहसीलदाराला विचारत नाही. त्याच तालुक्यातल्या हिरडेवाल्याला निदान तेवढे तरी द्या.

तेव्हा जिल्हा बैठकीत ठराव मांडा: स्वतःच्या जमिनीत लावलेला हिरडा झाडतोडीच्या यादीतून काढा, त्याच्या वाहतुकीचा पास बंद करा, आणि माल कुणाला विकायचा हे पिकवणाऱ्यावर सोडा. हे होईपर्यंत कुणी औषधी रोपांची पत्रके घेऊन गावात आला, तर परत खरेदीचा कागद आणि त्यावरची सही आधी मागा.